इथं रोज कोण जेवतं?

१. प्रश्न कुठं चुकतो

परक्या शहरात उतरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पडतो तो प्रश्न जेवायचं कुठं, हा. तो विचारलाही जातो ठरलेल्या शब्दांत : "इथलं फेमस काय?" टॅक्सीवाला, लॉजचा मॅनेजर, फोनमधला नकाशा, सगळेच त्याचं उत्तर तत्परतेनं देतात. तरी ताट पुढ्यात आल्यावर पुष्कळदा वाटतं, की काहीतरी हुकलं. हुकतं ते प्रश्नातच. प्रसिद्धीची बातमी बहुतेक वेळा एकदाच येऊन गेलेला माणूस एकदाच येणाऱ्या दुसऱ्याला देत असतो. तिथला मसाला गेल्या वर्षीपेक्षा फिका झालाय, तेल बदललंय, दुपारचा भात रात्री वाढला जातोय, यातलं काही त्याला कळायचा संभव नाही. हे कळतं ते रोज जेवणाऱ्याला. म्हणून या प्रकरणात वेगळा प्रश्न वापरून पाहू : इथं रोज कोण जेवतं, आणि तो माणूस घरी का जेवत नाही?

प्रश्नाचे दोन भाग मुद्दाम केले आहेत. पहिल्या भागावरून जेवणाचा दर्जा किती भरवशाचा हे कळतं, दुसऱ्यावरून तिथं कोणत्या प्रकारचं अन्न मिळेल हे कळतं. ही कसोटी पारखायला दक्षिण आणि मध्य मुंबईसारखी जागा सापडणं कठीण. गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही सगळी ठिकाणं काही किलोमीटरांच्या आत आहेत, पण घरी न जेवण्याची कारणं प्रत्येक ठिकाणी निरनिराळी होती. कारणं निराळी म्हणून ताटंही निराळी. इथं कसोटी उतरली, की ती ताश्कंद आणि बिश्केकपर्यंत नेऊन पाहता येईल.

२. एकटे पुरुष आणि खानावळ

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांत ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंत चिमण्यांची रांग लागली. त्या गिरण्यांत राबायला माणसं आली कोकणातून आणि घाटावरून : रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे. आली ती बहुतेक एकटी. शेत, म्हातारे आईबाप आणि बायकामुलं गावी राहिली. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशेच्या थोडीच वर होती. या एका आकड्यात गिरणगावच्या जेवणाचा सगळा प्रश्न आहे. एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपत. ती बऱ्याचदा एकाच गावची, म्हणून त्या खोलीला गावकीचा गाळा म्हणत. अशा खोलीत चूल पेटवायला जागा नव्हती, आणि बारा-बारा तास साच्यावर उभं राहून आलेल्या माणसाच्या अंगात भाकरी थापण्याचं त्राणही नव्हतं.

ही गरज भागवली ती त्याच चाळींतल्या बायांनी. नवऱ्याचा पगार पुरत नसे, कुणी विधवा असे, कुणाचा नवरा आजारी. अशी बाई पाच-दहा ते वीस-पंचवीस पुरुषांना दोन वेळचं जेवण घालू लागली, की तिची खानावळ सुरू झाली. पाटी नाही, टेबल नाही. हिशेब महिन्याचा. जेवणारा गावी गेला, तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचे. महिनाभर वाण्याची उधारी मात्र तिच्या डोक्यावर, आणि सावकाराचं व्याजही. संप झाला की जेवणाऱ्यांचे पैसे थकत, पण भाकरी थांबवता येत नसे. कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी नेमकं हेच पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं आणि सावकार मधून काढायचा, हे त्याचं पहिलं काम. कामगारांचा इतिहास लिहिताना गिरणी, युनियन आणि पुढारी यांच्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, पण एवढ्या मोठ्या फौजेला रोज जेवू घालणारी ही व्यवस्था फारशी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग लावून पाहा. हा माणूस घरी का जेवत नाही? कारण इथं त्याला घरच नाही. मग त्याला हवं असतं ते पूर्ण जेवण, आणि तेही गावच्या चवीचं. म्हणून लालबाग-परळच्या खानावळींचा वारसा भाकरीचा, कालवणाचा, सुक्या मटणाचा, मालवणी वाटपाचा आणि घाटी रश्श्याचा आहे. इथं पदार्थांची यादी छोटी असते, कारण जेवणारा निवड करायला आलेला नसतो. आज काय आहे, एवढंच तो विचारतो.

३. खानावळीचं गणित

पण रोजचा माणूस जेवतो म्हणून जेवण चांगलं, हे कशावरून? त्याला दुसरा पर्याय नाही म्हणूनही तो जेवत असेल. शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर हिशेबात आहे. दारावर रोज येणारी भाजीवाली आपल्याला किडकं वांगं सहसा देत नाही. तिचा स्वभाव कसा आहे हा मुद्दाच नाही, उद्या तिला याच दारावर यायचं असतं. खानावळीचं तेच आहे. आकडे घालून पाहू, निव्वळ उदाहरणादाखल.

समजा, एका खानावळीत पन्नास माणसं महिन्यावर जेवतात. दोन वेळचं धरलं तर महिन्याची तीन हजार ताटं झाली. ताटाचे साठ रुपये घेतले आणि खर्च पंचेचाळीस आला, तर ताटामागे पंधरा रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस हजार. आता मालकानं हलकं तेल आणि कालची भाजी वापरून ताटामागे आणखी पाच रुपये वाचवले. ताटामागे वीस, म्हणजे एका माणसामागे महिन्याला बाराशे सुटू लागले. पन्नासही जण टिकले, तर मिळकत साठ हजारांवर जाईल. पण हे पन्नास सुटे नाहीत. त्यांतले पंधरा एकाच गाळ्यात राहतात. एकाचं पोट बिघडलं की रात्री त्याची चर्चा होते, आणि एक तारखेला पंधराच्या पंधरा जण शेजारच्या चाळीतल्या मावशींकडे जातात. उरले पस्तीस, मिळकत बेचाळीस हजार. लबाडी तोट्यात गेली. हाच हिशेब लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या स्टेशनाबाहेरच्या टपरीला लावला, तर उत्तर उलटं येतं. तिथली तीन हजार ताटं तीन हजार निरनिराळी माणसं खातात. चांगलं वाढलं तरी ती पुन्हा येणार नाहीत, आणि वाईट वाढलं तरी कुणाला सांगायला थांबणार नाहीत. तिथं पाच रुपयांची लबाडी थेट खिशात जाते.

यावरून कसोटीतला महत्त्वाचा शब्द कोणता, तेही कळतं. नुसती गर्दी पाहून भागत नाही, गर्दी परत येणारी आहे का हे पाहावं लागतं. लालबागच्याच रस्त्यावर याचा पडताळा मिळतो. लालबागचा राजा १९३४ सालापासून बसतो. गणपतीच्या दिवसांत तिथं लोटणारी गर्दी अफाट असते, पण ती त्या वर्षापुरती, बहुधा त्या रात्रीपुरती असते. त्या दहा दिवसांसाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उद्याच्या गिऱ्हाइकाची चिंता नसते. रस्ता तोच, गाव तेच, पण भाद्रपदात कसोटीचं उत्तर वेगळं येतं. त्याच भागातल्या मसाल्याच्या आणि चिवड्याच्या दुकानांना मात्र वर्षभराचं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. वर्षाचा मसाला तिथूनच कुटून नेणारी घरं आहेत, आणि ती पुढच्या उन्हाळ्यात परत येतात.

४. गल्ली बदलली की ताट बदलतं

परळहून गिरगावात आलं की खानावळीपेक्षा उपाहारगृहाच्या पाट्या जास्त दिसतात. हा फरक चवीच्या आवडीनिवडीतून आलेला नाही, तो घरातून आलेला आहे. गिरगावच्या चाळींत कारकून, शिक्षक, छापखान्यातली माणसं आणि छोटे व्यापारी बिऱ्हाड करून राहत होते. दोन खोल्यांचं का असेना, स्वयंपाकघर होतं. दोन वेळचं जेवण घरीच व्हायचं. बाहेर खायचं ते मधल्या वेळचं, नाटकाच्या आधीचं, उपवासाच्या दिवशीचं. म्हणून गिरगावचं खास खाणं म्हणजे मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा, पियुष, खरवस. घरी जे करायला वेळ किंवा भांडं पुरत नाही ते इथं मिळतं. याच घरांच्या स्वयंपाकाला मदत म्हणून १९१० साली बेडेकरांचं दुकान गिरगावात सुरू झालं आणि मसाले-लोणची हा घरोघरचा बाहेरून आणायचा माल होऊ लागला. तेव्हा गिरगावात कुणी पोटभर थाळी शोधत फिरला आणि निराश झाला, तर दोष गिरगावचा नाही. त्या वस्तीला थाळीची गरजच बेताची होती. गोव्याच्या धर्तीचं मासळीचं जेवण देणारा खोताच्या वाडीतला अनंताश्रम नावाजला गेला तो या मुलखातला अपवाद म्हणून. आता तोही बंद झाला आहे.

गिरगावाच्या दक्षिण टोकाला धोबीतलाव लागतो आणि घरी न जेवण्याचं आणखी एक कारण समोर येतं. गोव्यातून आलेले खलाशी, आचारी आणि वादक इथं कुडांमधून राहत. कूड म्हणजे एकेका गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहण्याची जागा. बोट सुटेपर्यंतचा मुक्काम, म्हणजे महिन्याच्या खानावळीचा उपयोग नाही. याच परिसरात इराण्यांनी दुकानं थाटली : कयानी १९०४ साली, ससानियन १९१३ साली. ब्रून-मस्का, खिमा, आम्लेट आणि चहा हे खाणं कुठल्याच एका गावचं नव्हतं, आणि म्हणून कुठल्याही गावच्या माणसाला चालण्यासारखं होतं.

दादरचा खेळ निराळा. १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारणेसाठी नेमलेल्या ट्रस्टनं दादर-माटुंग्याला आखीव वस्ती वसवली आणि मध्यमवर्ग तिकडे सरकला. त्यामुळे गिरगावचं उपाहारगृह दादरलाही आलं. मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० सालचं, शिवाजी पार्काकडच्या बाजूचं आस्वाद १९८६ सालचं. पण दादर हे पश्चिम आणि मध्य रेल्वेचं अदलाबदलीचं स्टेशनही आहे. इथं गाडी बदलणाऱ्या माणसाला बसायला वेळ नसतो. एका हातात धरून चार घासांत संपेल असं काहीतरी त्याला हवं असतं. १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ते दादरलाच घडावं यात नवल नाही. वडापावच्या गाडीवरची माणसं दिसायला येणारी-जाणारी, पण ती दररोज त्याच गाडीनं येणारी-जाणारी. रोजच्या लोकलच्या स्टेशनाबाहेरची टपरी आणि लांब पल्ल्याच्या स्टेशनाबाहेरची टपरी यांत म्हणूनच फरक करायला हवा. शेजारच्या माटुंग्यात दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांसाठी बोर्डिंगं निघाली. ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. तिथं पुन्हा एकट्या माणसाचं पूर्ण जेवण आहे, फक्त भाकरीच्या जागी भात आणि कालवणाच्या जागी सांबार-रसम.

एवढ्यावरून एक नियम मांडता येतो. वस्ती एकट्या माणसांची असेल तर तिथं थाळी शोधावी, बिऱ्हाडांची असेल तर मधल्या वेळचं खाणं, वाटेवरच्यांची असेल तर हातात धरून खायचे जिन्नस. ज्या वस्तीत जे पिढ्यान्‌पिढ्या लागत आलं, त्यातच तिथला हात बसलेला असतो.

५. वेळ आणि वार

रोज जेवणाऱ्याचं घड्याळ ठरलेलं असतं आणि स्वयंपाकघर त्याच घड्याळावर चालतं. त्यामुळे योग्य जागी अवेळी गेलेला प्रवासीही फसतो. खानावळीत दुपारी साडेबारा-एकला भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. साडेतीनला गेलात तर मिळेल ते उरलेलं, आणि ते उरलेलं आहे हे सांगणारा प्रामाणिक मालक भेटला तर भाग्य. मालवणी जेवणाला वारही असतात. पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात आणि मासळीचे हुकमी वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. त्या दिवशी खप जास्त, म्हणून माल ताजा. गुरुवारी त्याच ठिकाणी हट्टानं सुरमई मागणारा माणूस बहुधा बुधवारची सुरमई खातो. श्रावणात तर हा खप आणखी उतरतो.

ऋतूचा हिशेबही असाच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटातलं पापलेट बर्फातलं असण्याचाच संभव जास्त. रोजचा गिऱ्हाईक हे जाणतो आणि सुकट, सोडे, सुके बोंबील किंवा काळ्या वाटाण्याची उसळ मागतो. पावसाळ्यात खानावळीच्या फळ्यावर सुक्या मासळीचे प्रकार दिसले तर ती टंचाईची खूण समजू नये. मालक ऋतू पाहून स्वयंपाक करतो, एवढाच त्याचा अर्थ.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे. गिरण्या राहिल्या कुठं? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि पब आले. रोज जेवणाराच गेला, तर त्याच्यावर बांधलेली कसोटी कशी टिकेल? टिकते, कारण ती गिरणी कामगाराबद्दल नाही, घराबाहेर जेवणं भाग पडलेल्या माणसाबद्दल आहे. तो माणूस बदलला, संपला नाही. आज त्याच जागी रखवालदार आहेत, सफाई करणारे आहेत, डिलिव्हरी करणारी मुलं आहेत, तिघांत एक खोली घेऊन राहणारे नवे नोकरदार आहेत. त्यांच्यासाठी डबे पोचवणाऱ्या बाया आहेत आणि नाक्यानाक्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत. परळला १९२६ सालापासून केईएम आणि १९४१ सालापासून टाटा रुग्णालय आहे. विदर्भापासून बंगालपर्यंतचे रुग्णांचे नातेवाईक तिथं आठवडे-महिने काढतात. पर्यटनाच्या पुस्तकांत त्यांची गणना प्रवाशांत होत नाही, पण परळला राहून जेवणारे प्रवासी मोठ्या संख्येनं तेच आहेत. त्यांच्या जेवणाच्या जागा स्वस्त, साध्या आणि कमी तिखटाच्या असतात. बेताच्या पैशात पोटाला सोसणारं जेवण हवं असेल, तर त्या पाहाव्यात.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. रोजचा माणूस जेवतो म्हणून पाणी निर्मळ असतं असं नाही, आणि त्याच्या पोटाला जे सवयीचं ते पाहुण्याला बाधू शकतं. हे पूर्ण खरं आहे. माझ्या मते इथं कसोटीची हद्द संपते आणि साधी खबरदारी सुरू होते. कसोटी सांगते माल ताजा आहे का आणि लबाडी आहे का. जंतूंबद्दल ती काही सांगत नाही. म्हणून पाहुण्यानं चुलीवरून उतरलेलं गरम तेवढं निर्धास्त खावं, आणि पाणी घालून केलेलं ताक, सोलकढी, कच्ची चटणी, चिरून ठेवलेला कांदा यांबाबत पहिले दोन दिवस हात राखावा. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा चौदा आकडी परवाना क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, हे पाहायलाही क्षणभर पुरतो. त्यानं स्वच्छतेची हमी मिळत नसली, तरी तक्रार करायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप स्वस्ताईचा. गरीब माणूस रोज जेवतो तिथं दर्जापेक्षा किंमत महत्त्वाची, मग दर्जा टिकणार कसा? सरकारी अनुभव पाहू. १९९५ साली राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. पुढे अनुदान थांबलं आणि पुष्कळ केंद्रांवर इतर खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या योजनांनी अनेकांची भूक भागवली, आणि ते मोलाचं आहे. पण अनुदानावर चालणाऱ्या जागेचा मालक जेवणाऱ्यापेक्षा सरकारी पैशाकडे डोळे लावून असतो, आणि तो पैसा आटला की जागेचा धंदा बदलतो. खानावळीत पैसे देणारा आणि जेवणारा एकच असतो. दर्जा टिकवतं ते हे नातं. ते शाबूत असेल, तर जेवण स्वस्त असूनही चांगलं राहू शकतं.

चौथा आक्षेप सगळ्यांत जड आहे. रोज कोण जेवतं, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे : कुणाला जेवू देत नसत? खानावळींवर ब्राह्मणांची, मराठ्यांची अशा जातवार पाट्या होत्या. गिरणीतही तेच. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. ते खातं जास्त पगाराचं होतं, आणि १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानं दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं नाव घेऊन सगळ्यांना खुली केली, १९५५च्या कायद्यानं अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे आपण ज्याला "आपल्या माणसांचं जेवण" म्हणून गोंजारतो, त्यातला आपलेपणा पुष्कळदा दुसऱ्याला दाराबाहेर ठेवून आला होता. बायकांचंही तसंच : रांधणाऱ्या त्या, पण पंक्तीला पुरुष. इराणी हॉटेलांचं मोल इथं ध्यानात येतं. जात न विचारणारी बाकडी आणि बायकामुलांसाठी फॅमिली रूम असली, की नवख्या माणसाला आत शिरायला धीर होतो. म्हणून कसोटीला एक जोड द्यावी लागते. रोज जेवणाऱ्यांत निरनिराळ्या तऱ्हेची माणसं दिसतात का, बायका एकट्या बसून जेवतात का, हेही पाहावं.

७. ताश्कंदला हीच कसोटी

आता मुंबईबाहेर जाऊ. मराठी पर्यटकांच्या यादीत अलीकडे ताश्कंद, समरकंद, अल्माटी ही नावं दिसू लागली आहेत. तिथल्या शहरांतही घरी न जेवण्याची कारणं शोधली की ताट सापडतं. उझ्बेकिस्तानात पलोव म्हणजे मटण, पिवळी गाजरं आणि तांदूळ यांचा मोठ्या कढईत शिजवलेला भात. २०१६ साली युनेस्कोनं त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ही कढई सकाळी चढते, दुपारच्या जेवणाला उतरते आणि ती रिकामी झाली की त्या दिवसाचा खेळ संपतो. रात्री आठला पलोव शोधणारा प्रवासी गुरुवारी सुरमई मागणाऱ्याच्याच पंक्तीतला. चहाखान्यात बसणारी माणसं तासन्‌तास बसतात, म्हणून तिथं हिरवा चहा, नान आणि निवांत खाण्याचे जिन्नस.

वाईट इतिहासातून चांगलं ताट कसं येतं, हेही तिथं दिसतं. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीनं अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना उचलून मध्य आशियात आणून टाकलं. ते पावणेदोन लाखांच्या आसपास होते. त्यांना कोबीच्या लोणच्याऐवजी गाजरांवर भागवावं लागलं, आणि ती तिखट-आंबट गाजराची कोशिंबीर आज ताश्कंदच्या चोरसू बाजारापासून अल्माटीच्या ग्रीन बाजारापर्यंत मिळते. हातानं ओढलेल्या शेवयांचं लगमान उइगुर आणि दुंगान लोकांबरोबर आलं. परळच्या वाटपाचं जे कारण, तेच या शेवयांचं : माणसं हलली, चूल मागे राहिली, चव बरोबर आली. त्यामुळे तिथल्या बाजारात गेल्यावर दर्शनी भागातल्या चकचकीत दुकानांपेक्षा आतल्या अंगाला जावं, जिथं गाळेवाले आणि हमाल स्वतः जेवतात. ते उद्याही तिथंच येणार असतात.

शाकाहारी माणसाची तिथं पंचाईत होते हे खरं. पलोवमध्ये मटणाबरोबर मेंढीची चरबी असते आणि नुसतं मटण बाजूला काढून भात शाकाहारी होत नाही. भोपळ्याचा सांबुसा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, नान, फळं आणि सुका मेवा यांवर दोन-चार दिवस निघतात. बिश्केकमध्ये मात्र आपला प्रश्न जसाच्या तसा लागू होतो. तिथं वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी हजारोंनी आहेत, घरापासून लांब, एकटे, महिन्याच्या हिशेबावर जेवणारे. त्यांच्यासाठी वरण-भात-पोळी देणाऱ्या मेस निघाल्या. गिरणगावात जी परिस्थिती होती ती जिथं पुन्हा तयार होते, तिथं खानावळही पुन्हा निघते.

८. कसोटी वापरायची कशी

मग नव्या शहरात उतरल्यावर करायचं काय? फेमस काय, हे विचारण्याआधी शहर कशावर चालतं ते पाहावं : बंदर, गिरणी, रुग्णालय, विद्यापीठ, बाजार की कचेऱ्या. त्यावरून तिथं घरी न जेवणारी माणसं कोण हे ठरतं. मग ज्याला विचाराल त्याला "चांगलं कुठं मिळतं" असं विचारू नये. "तुम्ही दुपारी कुठं जेवता" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला माणूस पाहुण्याला शोभेल असं उत्तर देतो, दुसऱ्याला खरं देतो. जागा सापडली की जेवायच्या ऐन वेळी जावं, एकेकटी जेवणारी माणसं किती आहेत ते पाहावं, आणि यादी न मागता आज काय आहे ते विचारावं.

या कसोटीला किंमतही मोजावी लागते. अनोळखी माणसाच्या समोर बसून जेवावं लागतं, जेवण झाल्यावर रेंगाळता येत नाही, आवडीचा पदार्थ त्या दिवशी नसला तर मुकाट्यानं दुसरा खावा लागतो. ज्याला प्रवासात मौज, सजावट आणि निवांतपणा हवा आहे, त्यानं खुशाल प्रसिद्ध जागी जावं. ती मौजही खोटी नाही. पण त्या मौजेचे पैसे देताना आपण जेवणाच्या भरवशाचे पैसे देत नाही आहोत, एवढं ध्यानात असावं. तो भरवसा एकट्या मालकाच्या किंवा आचाऱ्याच्या हाती नसतो. महिन्याच्या एक तारखेला उठून दुसरीकडे जेवायला जाऊ शकणारी माणसं तो रोज वसूल करत असतात, आणि पाहुणा एका दिवसापुरता त्यांच्या पंक्तीला बसतो.